लकव्यानंतर हात थरथरायलाय, मेंदूत तार घालायचं ऑपरेशन करावं का?

उदगीरचा_मधला:
आमच्या अण्णांना पोळ्याच्या आदल्या दिवशी लकवा मारला. वय 61. उजवी बाजू गेली होती, ती बरीच परत आली. काठी टेकत बांधापर्यंत जातात. पण तीन महिन्यांनी, आता सुटलो म्हणताना, उजवा हात थरथरायला लागला. नुसता ठेवला तरी हलतो, ग्लासाकडं नेला की जास्तच. झोपले की एकदम शांत. चारचौघांत हात मांडीखाली दाबून बसतात. सदऱ्याच्या गुंड्या आई लावती, तेवढ्यावर लई चिडतात.

एमआरआयमध्ये मेंदूच्या आतल्या थॅलॅमस नावाच्या भागाला डाग निघाला. डॉक्टर म्हणाले, होम्स ट्रेमर, म्हणजे मेंदूला इजा झाल्यावर येणारी थरथर. भावकीतल्या एकानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला: बटण दाबलं की थरथर बंद! तेव्हापासून अण्णा रोज विचारायलेत, "बटण कधी बसवायचं?" दीड एकर विकायला काढलंय. करावं का?

परभणीची_लेक:
दादा, तो व्हिडिओ बहुतेक पार्किन्सनचा असंल. माझ्या आईचं हैदराबादला केलंय, तिला फरक पडला. पण बटण दाबलं अन् झालं, असं नसतंय. गळपट्टीच्या हाडाखाली बॅटरी, तिथून कातडीखालून वायर मेंदूत. करंट जुळवायलाच आमच्या पाच खेपा झाल्या. चार्जिंगची नसली तर काही वर्षांनी बॅटरी बदलायचा खर्च वेगळा. जमिनीला एवढ्यात हात लावू नका.

रात्रपाळी_रेसिडेंट:
डीबीएस, म्हणजे हेच मेंदूत तार घालून करंट द्यायचं ऑपरेशन, 1987 पासून, फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या डॉक्टर बेनाबिद यांच्या कामापासून चालत आलंय. पार्किन्सनमध्ये त्याचा अनुभव मोठा आहे. लकव्यानंतरच्या थरथरीत मात्र थोड्याथोडक्या पेशंटचेच दाखले आहेत. कुणाला चांगला गुण आला, कुणाला फारसा नाही. कारण मेंदूतल्या ज्या नसांवर करंट काम करणार, त्यातल्याच काही लकव्यानं जळालेल्या असतात. शिवाय थरथर कमी झाली तरी हातातली ताकद त्यानं येत नाही. अण्णांना हे आधी सांगा.

होम्स ट्रेमर असाच उशिरा, महिन्यांनी उगवतो. काहींना लेव्होडोपा या पार्किन्सनच्या गोळीनं उतार पडतो. ती नीट डोस वाढवत देऊन पाहिली का? दुसरं, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ऑपरेशनआधी ती थांबवावी लागते, अन् लकव्याच्या पेशंटला तीच जोखीम. आपल्या मनानं एक दिवसही बंद करू नका. गोळ्यांनी भागलं नाही तर बंगळुरूच्या निमहान्स किंवा त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा हॉस्पिटलला सगळे एमआरआय घेऊन मत घ्या. हाताचा व्हिडिओ न्या: ठेवलेला, उचललेला, नाकाला बोट लावताना.

उदगीरचा_मधला:
लेव्होडोपा दिलीच नव्हती. डॉक्टरांनी परवा अर्ध्या गोळीनं सुरू केली. पातळ करायची गोळी थांबवावी लागती म्हटल्यावर आईच पहिली "नको" म्हणाली. जमिनीचं गिऱ्हाईक परत पाठवलं. अण्णा फुगून बसलेत, पण व्हिडिओ काढताना नाकाला बोट लावायला तीनदा स्वतःच म्हणाले, "पुन्हा घे, हे नीट नाही आलं."