आउट रनसाठी ९०० अंशांचं व्हील कशाला?

भाऊ, आउट रनसारखे जुने आर्केड कार-रेसिंग गेम कॉम्प्युटरवर खेळायला धुळ्यात मिळणारं जुनं जी२७ (लॉजिटेकचं ९०० अंश फिरणारं, मोटरवालं गेमिंग स्टेअरिंग) घ्यावं, की २७० अंशांचं स्वस्त नवं व्हील, असं तुम्ही विचारलंय. वरती बऱ्याच जणांनी '९०० अंश हवेतच' म्हटलंय, ते मला पटत नाही. सेगाचं आउट रन (१९८६) किंवा डेटोना यांच्या आर्केडमधल्या मूळ मशीनचं स्टेअरिंग साधारण २७० अंशच फिरायचं. जी२७ घेतलं तरी कॉम्प्युटरवरच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये तेवढंच करून ठेवावं लागेल. पोल पोझिशन या गेमचं चाक तर अमर्याद फिरायचं, तिथे थांबणारं कुठलंही व्हील अडतंच. त्यापेक्षा माउस बरा.

तरी जुनं जी२७ नीट चालत असेल तर मी तेच घेईन, कारण स्वस्त व्हीलमध्ये बहुतेक रबर किंवा स्प्रिंग असतं, हाताला झटके देणारी मोटर नसते. फक्त पाहायला जाताना लॅपटॉप न्या. प्लग लावला की चाक स्वतःच दोन्ही टोकांना फिरून मधोमध थांबलं पाहिजे. तिरकं थांबलं तर आतली एन्कोडरची (चाक किती फिरलं ते मोजणारी) चकती तडकलेली असू शकते. या मॉडेलचं ते जुनंच दुखणं. पेडल हळूहळू दाबून स्क्रीनवरची पट्टी थरथरते का तेही बघा. आपल्याकडची धूळ पेडलच्या पॉटमध्ये (किती दाबलं ते मोजणाऱ्या भागात) हमखास शिरते. २४ व्होल्टचा मूळ अडॅप्टर मात्र सोडू नका.

आणि हो, मेम एम्युलेटरमध्ये (जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) फोर्स फीडबॅक (मोटरमुळे चाकात जाणवणारे झटके) आपोआप येत नाही, वेगळं प्लगइन टाकावं लागतं. ती खटपट नको असेल तर मोटरवर पैसे घालू नका.