कागदी शेअर डीमॅट करताना 'सही जुळत नाही' शेरा आला. बँकेकडून सही प्रमाणित कशी करून घ्यायची?

प्रश्न: वर्षा_१९

आई-बाबांच्या संयुक्त नावावर एका लिस्टेड कंपनीची चार शेअर सर्टिफिकेटं आहेत, १९९४ ची. आई पहिली धारक. डीमॅटचा, म्हणजे कागदी शेअर इलेक्ट्रॉनिक खात्यात घेण्याचा अर्ज रजिस्ट्रारकडून (कंपनीच्या शेअरधारकांची नोंद ठेवणारी संस्था) परत आला. शेरा: पहिल्या धारकाची सही नोंदीशी जुळत नाही. तेव्हा आई देवनागरीत पूर्ण नाव लिहायची, आता इंग्रजीत आखूड सही करते. सोबतच्या पत्रात 'आयएसआर-२ फॉर्मवर बँकेकडून सही प्रमाणित करून पाठवा' असं लिहिलंय. बँकेत मात्र 'आम्ही असं काही देत नाही, नोटरी करा' असं सांगितलं.

नोटरी चालेल का? आईने जुनीच सही करून पुन्हा पाठवलं तर? आणि डीमॅट खात्यात बाबांचं नाव पहिलं आहे, त्याने अडेल का?

उत्तर १: फोलिओवाला

जुनी सही गिरवायला अजिबात लावू नका. तीस वर्षांपूर्वीची सही बघून बघून काढली की ती चित्रासारखी दिसते, हात जागोजागी थांबलेला कळतो आणि अर्ज पुन्हा परत येतो. समजा निभावलं, तरी रजिस्ट्रारकडे नोंद जुन्याच सहीची राहते आणि पुढे प्रत्येक कामात हीच अडचण उभी राहते. नोंद बदलून घेणं हाच उपाय, आणि आयएसआर-२ त्यासाठीच आहे. शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने ३ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकाने हे फॉर्म आणले.

सेबीच्या नियमात सहीतल्या फरकाचे दोन प्रकार आहेत. किरकोळ फरक असेल, म्हणजे एखादं वळण वेगळं, तर रजिस्ट्रार धारकाला नोंदलेल्या पत्त्यावर कळवतो आणि १५ दिवसांत हरकत आली नाही तर काम पुढे नेतो. लिपीच बदलली असेल तर तो मोठा फरक. तिथे बँकेची साक्ष मागतात.

फॉर्ममध्ये बँकेचं नाव, शाखा, खाते क्रमांक, खातं उघडल्याची तारीख, खातेदाराचं नाव, अलीकडचा फोटो, पत्ता, फोन, ईमेल आणि सही हे सगळं येतं. खाली बँकेचा शिक्का, प्रमाणित करणाऱ्या अधिकाऱ्याची सही, त्यांचं नाव, एम्प्लॉयी कोड आणि ईमेल. सोबत रद्द केलेला मूळ चेक, ज्यावर आईचं नाव छापलेलं आहे असा. चेकवर नाव नसेल तर बँकेने प्रमाणित केलेली पासबुकाची प्रत जोडा. नाकारले जाणारे फॉर्म बहुतेकदा दोन जागी चुकलेले असतात: एम्प्लॉयी कोड कोरा, नाहीतर खातं उघडल्याची तारीख कोरी. शाखेतून बाहेर पडण्याआधी तिथेच उभं राहून या दोन जागा तपासा.

उत्तर २: शाखाखिडकी

नोटरीबद्दल. नोटरी एवढंच सांगू शकतो की या व्यक्तीने माझ्यासमोर सही केली. त्याच्याकडे आईच्या सहीची आधीची कुठलीच नोंद नसते. बँकेकडे सहीचा नमुना असतो आणि अधिकारी तो स्क्रीनवर उघडून कागदावरच्या सहीशी ताडून बघतो. रजिस्ट्रारला हवी आहे ती ही पडताळणी. म्हणून आयएसआर-२ वर नोटरीचा शिक्का चालत नाही.

बँक नाही का म्हणते? काउंटरवर 'शेअरसाठी सही गॅरंटी हवी' असं सांगितलं की समोरच्याला वाटतं बँकेने पैशांची हमी द्यायची आहे. तुम्ही 'खातेदाराच्या सहीची बँकेच्या रेकॉर्डप्रमाणे पडताळणी' असं म्हणा. फॉर्मच्या तळाशी मजकूरही तेवढाच आहे, की सही बँकेच्या नोंदीप्रमाणे पडताळली. शेअर कोणाचे, किती किमतीचे, यातल्या कशाचीही जबाबदारी बँकेवर येत नाही. शाखा व्यवस्थापकांच्या नावे दोन ओळींचा अर्ज लिहा, रजिस्ट्रारच्या पत्राची प्रत जोडा आणि थेट त्यांनाच भेटा. काही बँका सही पडताळणीचं शुल्क घेतात, ते आधी विचारून ठेवा.

आईंना सोबत न्या. फॉर्मवर घरून सही करून नेऊ नका, अधिकाऱ्यासमोर करू द्या. पॅन आणि आधार मूळ प्रतीत जवळ ठेवा. फोटो चिकटवलेला हवा, स्टेपल केलेला नको, आणि बँकेचा शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर यावा.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट पाहा, इथे पुष्कळांची फेरी वाया जाते. बँकेतलं खातंही जुनं असेल तर बँकेच्या नोंदीतही देवनागरी सही असू शकते. मग आईंनी आजची सही केली की अधिकारी नाही म्हणणार, आणि ते बरोबरच आहे. तसं असेल तर आधी बँकेत सही बदलण्याचा अर्ज द्या, नवी सही सिस्टीममध्ये दिसू लागली याची खात्री करा, मगच आयएसआर-२ घेऊन जा. आईंची दोन बँकांत खाती असतील तर जिथे आजची सही नोंदलेली आहे ती निवडा. कुठल्याही बँकेचं खातं चालतं.

उत्तर ३: कागदी_धारक

क्रम महत्त्वाचा आहे. केवायसी आणि डीमॅट एकाच पाकिटात पाठवायचा मोह होतो, पण एक कागद अडला की सगळंच परत येतं. आधी रजिस्ट्रारकडे आयएसआर-१ (पॅन, पत्ता, मोबाईल, बँक खातं), आयएसआर-२ आणि नॉमिनेशनसाठी एसएच-१३ पाठवा. आयएसआर-१ वर दोन्ही धारकांच्या सह्या हव्यात. जोडलेल्या कागदांच्या प्रत्येक प्रतीवर स्वतःची सही आणि तारीख घाला, तारीख राहून जाते. पॅन आधारशी जोडलेलं आहे ना, तेही बघा. नोंद बदलल्याचं उत्तर आलं की मग डीपीकडे (जिथे डीमॅट खातं आहे ती संस्था) नवा डीमॅट अर्ज. त्या अर्जावरची सही आणि आयएसआर-२ वरची सही एकच दिसली पाहिजे. बाबांचीही सही बदलली असेल तर आत्ताच त्यांचाही वेगळा आयएसआर-२ करून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी 'दुसऱ्या धारकाची सही जुळत नाही' असा शेरा येईल.

नावांचा क्रम: माणसं तीच आणि फक्त क्रम उलटा असेल तर नवं खातं उघडायची गरज नाही. डीपीकडे ट्रान्सपोझिशनचा फॉर्म मिळतो, तो डीमॅट अर्जासोबत द्यायचा, दोघांच्या सह्यांनिशी. डीमॅट खातं एकट्या बाबांच्या नावावर असतं तर मात्र हे चाललं नसतं.

आता सर्टिफिकेटं हातात घेऊन नीट बघा. मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदींचा तक्ता असतो. शेअर बाजारातून घेतलेले असतील तर पुढच्या बाजूला दुसऱ्याच कोणाचं नाव असेल आणि आई-बाबांचं नाव मागे, शेवटच्या शिक्क्यासमोर. मागे शेवटी ज्यांचं नाव तेच आजचे धारक. तिथलं नाव आणि पॅनवरचं नाव अक्षरशः ताडून पाहा. नुसती आद्याक्षरं किंवा माहेरचं आडनाव असेल तर नावातल्या फरकाचा पुरावा वेगळा लागेल.

कंपनीने मध्यंतरी १० रुपये दर्शनी किमतीचा शेअर २ रुपयांचा केला असेल किंवा ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल, तर हातातली सर्टिफिकेटं रद्द झालेली असण्याची शक्यता आहे. फोलिओ क्रमांक (रजिस्ट्रारकडचा धारकाचा नोंद क्रमांक) देऊन आज किती शेअर आणि कुठल्या आयएसआयएनखाली (शेअरचा ओळख क्रमांक) आहेत हे रजिस्ट्रारकडून लेखी मागवा. सर्टिफिकेटांच्या दोन्ही बाजूंच्या प्रती काढून ठेवा. लॅमिनेट करू नका, स्वतःहून काही खोडू नका. 'डीमॅटसाठी परत केले' हा शिक्का डीपीकडे मारतात.

वर्षा_१९

धन्यवाद. बँकेच्या नोंदीत खरंच देवनागरी सही निघाली, तिथून सुरुवात करते. इतके दिवस लागणार असतील तर जुनी सर्टिफिकेटं विकत घेणाऱ्याला थेट हस्तांतराच्या फॉर्मवर सही करून देता येतील का?

उत्तर: फोलिओवाला

नाही. लिस्टेड कंपनीचे कागदी शेअर १ एप्रिल २०१९ पासून असे हस्तांतरित होत नाहीत. वारसाहक्क आणि नावांचा क्रम बदलणं, एवढेच अपवाद. कोणी 'मी तसेच घेतो, कोऱ्या फॉर्मवर सही द्या' म्हणत असेल तर सर्टिफिकेट त्याच्या हातातही देऊ नका.

आणि रजिस्ट्रारला पत्र लिहिताना न मिळालेल्या लाभांशाचंही विचारा. सलग सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर कंपनी ते शेअर आयईपीएफकडे (न मागितलेले लाभांश आणि शेअर सांभाळणारा सरकारी निधी) वर्ग करते. तसं झालं असेल तर डीमॅट अर्जाचा उपयोग नाही, आयईपीएफ-५ हा वेगळा दावा करावा लागतो. पण आयएसआर-२ ची मेहनत तेव्हाही वाया जात नाही, कारण दावा तपासताना कंपनी पुन्हा हीच सही बघते.