मदत हवी आहे: ३२-बिट विंडोज १० वरून विंडोज ११ साठी काय काय बदलावं लागेल?

सध्याचं मशीन: आय५-६५००, एच११० मदरबोर्ड, ४ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, २४० जीबी साटा एसएसडी, जुनं ग्राफिक्स कार्ड. विंडोज ३२-बिट ठेवली आहे, कारण स्कॅनरचा ड्रायव्हर तेवढाच मिळतो. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझा प्रोसेसर सहाव्या पिढीचा आहे, ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा लागतो. याच बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालेल का? सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) दोन्हीचं एलजीए ११५१ च आहे.

उत्तर १

कृपया तो प्रोसेसर घेऊ नका. सॉकेटचं नाव एकच असलं तरी पिनांची जोडणी वेगळी आहे. सहावी-सातवी पिढी १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर (बोर्डावरची मुख्य चिप; तुमची एच११० म्हणजे १०० मालिका) चालते, आठवी-नववी ३०० मालिकेच्या. प्रोसेसर जागेवर बसतो, म्हणूनच लोक फसतात. मशीन मात्र सुरू होत नाही.

बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदला. आय३-१२१०० आणि एच६१० बोर्ड तुमच्या कामाला पुरेल, आणि रॅमही वाचेल. फक्त बोर्ड डीडीआर४ वालाच मागा, एच६१० दोन्ही प्रकारांत येतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला जाऊ नका. नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर टाळा, त्यात ग्राफिक्स नसतं. जुना कूलर बसणार नाही: ११५१ ची भोकं ७५ मिमी अंतरावर, आय३-१२१०० च्या एलजीए १७०० सॉकेटची ७८ मिमीवर. प्रोसेसरसोबत डब्यात कूलर येतो का ते आधी विचारा.

प्रश्नकर्ता: ग्राफिक्स कार्ड आणि स्कॅनर?

उत्तर २

कार्ड काढूनच ठेवा. ११ साठी लागणाऱ्या सिक्युअर बूटसाठी (फक्त खात्रीची सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) सीएसएम (जुन्या बायोससारखं चालवणारी सोय) बंद करावं लागतं, आणि यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) न समजणारं जुनं कार्ड त्यानंतर स्क्रीनवर काहीच दाखवत नाही.

खरी अडचण स्कॅनरची. ११ ला ३२-बिट आवृत्तीच नाही. ३२-बिट प्रोग्राम ६४-बिटवर चालतात, ड्रायव्हर मात्र चालत नाही, कारण तो थेट कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) लोड होतो. आधी ६४-बिट ड्रायव्हर शोधा. नसेल तर व्ह्यूस्कॅन हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर वापरून पाहा, त्यात बऱ्याच जुन्या स्कॅनरचे स्वतःचे ड्रायव्हर आहेत. पार्ट विकत घेण्याआधीच हे तपासा.

३२-बिटवरून थेट अपग्रेड होत नाही, नव्याने इन्स्टॉल करावं लागतं. सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या. बायोसमध्ये इंटेल पीटीटी (११ ला लागणारी टीपीएम ही सुरक्षेची सोय, इंटेलच्या प्लॅटफॉर्ममध्येच असलेली) सुरू, सीएसएम बंद. बूट मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर 'यूईएफआय' लिहिलेला निवडा. एसएसडी बहुधा एमबीआर (पार्टिशनची जुनी पद्धत) असेल. इन्स्टॉलर अडला की तिच्यावरची सगळी पार्टिशन्स डिलीट करून मोकळ्या जागेवर 'नेक्स्ट' दाबा, जीपीटी (नवी पद्धत) तो स्वतःच करतो. शेवटी टीपीएम.एमएससी (विंडोजमधली टीपीएमची माहिती दाखवणारी खिडकी) उघडून आवृत्ती २.० दिसते का पाहा.