माणिक चौकातल्या हातगाड्या हटवायच्या का?

तापीकाठची: नंदुरबारला पाहुणे आले की मी त्यांना माणिक चौकात नेते, तेही संध्याकाळी, ऐन गर्दीत. 9 सप्टेंबर 1942 ला तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांवर इथंच गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता अवघा 15 वर्षांचा. सोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. पोरं ‘नहीं नमशे’, म्हणजे नमणार नाही, म्हणत होती, गुजरातीत. आपलं गावच तसं, अहिराणी-गुजराती-भिली एकत्र नांदणारं. आता काहींचं म्हणणं, या हुतात्म्यांच्या स्मारकाभोवतीच्या हातगाड्या हटवा. मला हे साफ नामंजूर. पोरांनी मोर्चा भर वस्तीत आणला, तो लोकांनी बघावा म्हणूनच ना?

जुना नंदुरबारकर: ताई, लिहायला छान आहे. माझ्या आईला घेऊन या एकदा. हार घालायला स्मारकापर्यंत पोचताना तिला दोन रिक्षा आणि एक बुलेट चुकवावी लागते. हुतात्म्यांच्या नावाशेजारी सेलच्या पाट्या बघून राग येत नाही का तुम्हाला?

तापीकाठची: पाट्यांचा येतो. रिक्षांचाही येतो. पण तुमच्या आईची वाट वाहनं अडवतात, मग पोट मारायचं ते हातगाडीवाल्याचं का?

धुळ्याचा भाचा: मामाच्या गावचा विषय म्हणून तोंड घालतो. 2014 चा पथविक्रेता कायदा वाचा. विक्रेत्यांचं सर्वेक्षण झाल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही. आणि 50 वर्षांहून जुना नैसर्गिक, म्हणजे आपोआप भरत आलेला, बाजार असेल तर तो वारसा बाजार जाहीर करायचा, तिथल्या विक्रेत्यांना हलवायचंच नाही. आधी बाजार किती जुना ते ठरवा, मग भांडा.

जुना नंदुरबारकर: कायदा मान्य. मी कुणाला गावाबाहेर काढा म्हटलं नाही. स्मारकाभोवती दहा पावलं मोकळी सोडा, एवढंच. जत्रेतसुद्धा देवळाची पायरी मोकळी ठेवतात.

मिरची पथार: दहा पावलं सोडली की तिथं उद्या चार मोटारसायकली लागतील, लिहून घ्या भाऊ! निदान लोटगाडीवाला दिवसभर तिथं असतो, फुलं कुणी उचलली तर हटकतो. तुम्ही 9 सप्टेंबरला येता, फोटो काढून जाता.

जुना नंदुरबारकर: मी दर आठवड्याला जातो. उगाच अंदाज बांधू नका.

तापीकाठची: मग दुचाकींना बंदी मागा, संध्याकाळपुरती. त्या अर्जावर सही करते मी. हातगाड्या हटवायच्या अर्जावर नाही.

जुना नंदुरबारकर: अर्ज लिहितो. पण दहा पावलांचं कलम त्यात राहील.