दिनारावरचं साल: सबा की तिसा?

विचारणा

अब्बासी काळातल्या एका सोन्याच्या दिनाराचं छायाचित्र समोर आहे. कडेच्या गोल ओळीत ‘बिस्मिल्लाह दुरिब हाजद्-दीनार सनत…’ इथपर्यंत लागतं. शेवटचं ‘व खमसीन व मिअ’ (आणि पन्नास आणि शंभर) हेही स्पष्ट आहे. मधला शब्द ‘सबअ’ (सात) की ‘तिसअ’ (नऊ), तेवढं ठरत नाही. म्हणजे हिजरी १५७ की १५९? आणि ‘दुरिब’चा मराठीत नेमका अर्थ काय घ्यावा?

उत्तर

‘दुरिब’साठी आपलं ‘पाडलं’ चपखल आहे. टांकसाळीत नाणी पाडतात, तेच. मूळ धातूचा अर्थ ठोकणं, प्रहार करणं. मोगल नाण्यांवर टांकसाळीच्या नावाआधी येणारा ‘जर्ब’ याच धातूचा, आणि मराठीतली ‘जरब’ही त्यातलीच. तेव्हा ओळीचा अर्थ: अल्लाहच्या नावाने हा दिनार अमुक साली पाडला.

आता साल. जुनी पेशवेकालीन पत्रं वाचणाऱ्यांना हे शब्द नवे नाहीत. ‘सु॥ समान सबैन मया व अलफ’ असं पत्रात दिसलं की आपण आठ, सत्तर, शंभर, हजार अशी बेरीज करून सुहूर सन (अरबी आकड्यांत लिहायची मराठी कागदपत्रांतली कालगणना) ११७८ काढतो. दिनारावरचा क्रमही हाच: आधी एकं, मग दहं, मग शेकडा. पत्रातलं ‘सबा खमसैन मया’ म्हणजेच नाण्यावरचं ‘सबअ व खमसीन व मिअ’. मोडी शिकताना इसन्ने, सलास, अर्बा, खमस पाठ केलेल्या माणसाची कूफी (जुन्या कोनदार अरबी लिपीतली) नाणी वाचायची अर्धी तयारी आधीच झालेली असते, आणि हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही याची मला खंत वाटते.

फक्त शब्द सारखे म्हणून रूपांतर सारखं करू नका. सुहूर सन सौर आहे, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळे दर शतकामागे साधारण तीन वर्षं वजा करून ६२२ मिळवावे लागतात. हिजरी १५७ म्हणजे इ. स. ७७३-७४. दोन्ही गणना हिजरी ७४५ला, म्हणजे १३४४ साली, एका जागी होत्या. तिथून त्या दूर गेल्या.

त्यावर विचारणा

क्रम समजला. पण अडचण सबा-तिसाचीच आहे. दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात.

उत्तर

दिसणारच. या नाण्यांवरच्या कूफी लिपीत नुक्ते, म्हणजे अक्षरं वेगळी ओळखू देणारे ठिपके, जवळपास नसतातच. ‘सबअ’मध्ये ‘सीन’ या अक्षराचे तीन दाते (वर आलेली टोकं), मग ‘बे’चा एक, मग ‘ऐन’. ‘तिसअ’मध्ये ‘ते’चा एक, मग ‘सीन’चे तीन, मग ‘ऐन’. नुक्ते काढले की दोन्हीकडे चार दाते उरतात. त्याआधीच्या ‘सनत’मध्येही दातेच दाते, त्यामुळे शब्द कुठे सुरू होतो हे आधी पक्कं करा.

मग दात्यांची उंची पाहा. ठसा कोरणाऱ्याने काळजी घेतली असेल तर ‘सीन’चे तीन दाते एका उंचीचे आणि चौथा किंचित वर काढलेला असतो. उंच दाता ‘ऐन’ला लागून असेल तर सबा, शब्दाच्या सुरुवातीला असेल तर तिसा. छायाचित्रात हे कळत नसेल तर त्याच वर्षांचे इतर दिनार शेजारी ठेवून मजकुराची मांडणी ताडून पाहा.

तुमच्या नाण्यात या एका दात्यावर बरंच काही अवलंबून आहे. हिजरी १५८मध्ये खलीफा अल-मन्सूर वारला आणि अल-महदी गादीवर आला. या दोघांच्या दिनारांवर ना खलीफाचं नाव, ना टांकसाळीचं. १५७ असेल तर नाणं मन्सूरचं, १५९ असेल तर महदीचं. चांदीच्या दिरहमवर ‘बि’ म्हणजे ‘येथे’ असं लिहून पुढे गावाचं नाव असतं, बगदाद तर ‘मदीनतुस्सलाम’ म्हणून येतं. दिनारावर गाव देण्याची पद्धत सर्रास पडली ती नंतर. इ. स. ६९६-९७मध्ये (हिजरी ७७) उमय्यद खलीफा अब्द अल-मलिकने चित्रं काढून टाकून निव्वळ अक्षरांचा, सव्वाचार ग्रॅमचा दिनार सुरू केला, तेव्हापासून ओळख पटवायला अक्षरांचाच आधार.

आणखी एक उत्तर

१५७चा विषय निघालाच आहे तर ब्रिटिश म्युझियममधलं ऑफाचं सोन्याचं नाणं जरूर पाहावं. इंग्लंडमधल्या मर्शियाच्या या राजासाठी १५७च्या दिनाराची नक्कल केली आहे आणि मधल्या अरबी ओळींच्या आत रोमन लिपीत ‘ऑफा रेक्स’ (राजा ऑफा) कोरलंय. अरबी मजकुराच्या मानाने ते नाव उलटं बसलंय, म्हणजे कारागिराला अरबी येत नव्हतं. काही अक्षरं बिघडलीही आहेत, तरी साल लागतं.

विचारणा

‘ऐन’ला लागूनचा दाता उंच आहे. १५७ धरतो. शेकडा पुढे कसा वाढतो?

उत्तर

‘मिअ’ शंभर, ‘मिअतैन’ दोनशे. तीनशेपासून पुढे ‘सलास मिअ’, ‘अर्बा मिअ’ अशी जोडी येते. सातशे आणि नऊशेला मात्र तुमची हीच अडचण पुन्हा उभी राहील.