सोलापूरहून नेरुळ: कडक भाकरी वाकतेय आणि आई खिडकीतून हलत नाही

एमएच१३_नेरुळात:
नमस्कार मंडळी. मेच्या शेवटी सोलापूरहून नेरुळ सेक्टर ६ मध्ये राहायला आलोय. मी, बायको आणि आई. नोकरी महापेला आहे, त्यामुळे माझं एक बरं चाललंय. सकाळी ट्रान्स-हार्बरनं कोपरखैरणे, तिथून शेअर रिक्षा. गाडीला अजून एमएच १३ची पाटी आहे, चेनला मात्र महिन्यातच गंज चढला. असू दे, तो प्रश्न नाही.

प्रश्न आईचा आहे. वय ६८. येताना तिनं साठ कडक भाकऱ्या करून आणल्या, धोतराच्या फडक्यात बांधून, खोक्यात. सोलापुरात अशी भाकरी पंधरा-वीस दिवस आरामात राहते. मोडली की कडाडकन आवाज येतो, शेंगाचटणी आणि दही असलं की जेवण झालं. इथं पाऊस लागल्यावर चौथ्या दिवशी तिनं खोकं उघडलं. एक भाकरी दोन्ही हातांनी धरली आणि मोडायला गेली. आवाज नाही. भाकरी वाकली. आईनं ती परत सरळ केली, पुन्हा वाकवली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हवेत पाणी हाय का पाण्यात हवा? कुठं आणून टाकलास रे?" मला हसू आलं, पण ती हसली नाही.

तेव्हापासून ती मागच्या खिडकीत बसून असते. खाली पार्किंग, पुढं सारसोळे गावाचे पत्रे दिसतात. शेजारच्या दाराला कायम कुलूप, नवरा-बायको दोघं नोकरीला. आमच्या पेठेत सकाळी झाडलोट करतानाच चार जणींशी बोलणं व्हायचं. इथं पत्ता विचारला तर सेक्टर, प्लॉट, बिल्डिंग नंबर. आईला तो पाठच होत नाही. म्हणते, ह्या जागेला नाव का नाही?

त्यात घराला ओल. एजंट म्हणाला होता "साहेब, ओल अजिबात नाही". कपाट सरकवलं तर मागं काळी-हिरवी बुरशी. करार ११ महिन्यांचा आहे, डिपॉझिट अडकलंय, त्यामुळे लगेच हलणं नाही.

तर, भाकरी कशी टिकवायची, चांगली ज्वारी कुठं मिळेल आणि आईला बाहेर कसं काढायचं? तिसऱ्याचं उत्तर आधी दिलंत तरी चालेल.

उदगीरचा_खारघरकर:
स्वागत आहे. आठ वर्षं झाली, माझ्या आईनं पहिल्या पावसाळ्यात पापड गादीखाली ठेवले होते, त्यावरून ओळखा.

कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, पावसाळ्यात दारं अधूनमधून उघडी टाका. चामड्याचा पट्टा, बूट, लग्नातला कोट, यांचं पहिलं वाटोळं होतं. कपडे घरातच पंख्याखाली वाळतील, त्याची सवय करा. भाकरी खोक्यात नको. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, आणि एकदम साठ नाही, आठ-दहाच करा. मऊ पडली तर मंद तव्यावर फडक्यानं दाबत पुन्हा शेकली की बऱ्यापैकी कडक होते. सोलापूरसारखी नाही होणार. तिकडं वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस, इथं दोन हजारांच्या वर. भाकरीचा यात काय दोष?

ज्वारी वाशीच्या एपीएमसीत, धान्याच्या मार्केटात. मंगळवेढ्याची मालदांडी मिळते, पण घाऊक भाव गोणीला. दळताना गिरणीवाल्याला सांगा की ज्वारीच्या मागे लाव. गव्हाच्या मागे टाकली तर काय होतं ते आई सांगतील.

एमएच१३_नेरुळात:
झालंय ते आधीच. पीठ आणल्यावर आईनं चिमूट चोळून बघितली आणि पिशवी बाजूला ठेवली. "ह्यात गहू हाय." दुकानातलं तयार पीठ आणलं तर म्हणे विरी गेलेली आहे, थापताना कडा फाटतात. त्यामुळे गोणीच आणावी म्हणतो, पण या हवेत पन्नास किलोला किडे लागतील.

आणि एक. सोलापुरात आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. इथं रोज येतं, तरी आई रोज सगळं भरून ठेवते. हंडे, बादल्या, पिंप, शेवटी कुकरसुद्धा. परवा महापालिकेचे फवारणीवाले आले, पिंपात टॉर्च मारली आणि सगळं ओतायला लावलं. आई दिवसभर बोलली नाही कुणाशी. पाणी ओतणं म्हणजे तिला पाप वाटतं.

ठाण्याचाच:
साहेब, घर घेताना ठाण्यात यायचं होतंत. नौपाड्यात, चरईत अजून माणसं गॅलरीतून बोलतात. संध्याकाळी तलावपाळीला एक चक्कर मारली की दहा ओळखी. कोपिनेश्वराला गेलं की आणखी दहा. नवी मुंबई म्हणजे नुसते रुंद रस्ते.

एमएच१३_नेरुळात:
दादा, नौपाड्याचं भाडं ऐकून मीच घरी येऊन खिडकीत बसलो असतो.

खाडीकाठची:
"नुसते रुंद रस्ते" म्हणणाऱ्यांनी रस्त्याच्या आतही कधीतरी बघावं. मी सारसोळ्याचीच, लग्न होऊन इथंच आले. दादा, तुमच्या आई विचारतात त्या जागेला नाव आहे. त्या ज्या पत्र्यांकडे बघतात तेच ते. सेक्टर ६ नंतर झाला. १९७० साली सिडको आली, आमच्या सासऱ्यांच्या पिढीची भातशेती आणि मिठागरं गेली, त्यावर तुमच्या बिल्डिंगी उभ्या आहेत. करावे, दारावे, शिरवणे, कुकशेत, नेरुळ, सगळी गावंच. काकूंना सांगा की पत्ता विचारला तर खुशाल "सारसोळे" म्हणा, रिक्षावाला बरोबर आणतो.

आता त्यांना बाहेर काढायचं. बागेत नेऊन बाकावर बसवू नका, तिथं सगळे फोनमध्ये. सकाळी गावाच्या तोंडाशी बायका टोपल्या घेऊन बसतात तिकडे न्या. त्या मासे खात नसतील असं लिहिण्यावरून वाटतंय. हरकत नाही. आत्ता पावसात रानभाज्या येतात, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी. डोंगराकडच्या ठाकर, कातकरी बायका घेऊन येतात. भाजीवरून बोलणं सुरू होतं, पुढचं आपोआप.

वासाचं मात्र आधीच सांगते, नाहीतर म्हणाल बोलली नाही. पावसाळा संपला की गावात सुकट, बोंबील वाळतात. वारा तुमच्या खिडकीकडे असला तर येणार. त्याला इलाज नाही, आम्हालाही तुमच्या गाड्यांच्या हॉर्नला इलाज सापडलेला नाही.

आणि जेट्टीवर न्या. पामबीच रोड नीट सिग्नलवरून ओलांडा, गाड्या विमानासारख्या येतात. पलीकडे कांदळवनातून वाट आहे. सध्या मोठ्या बोटींना बंदी आहे, १ जून ते ३१ जुलै, पण आमच्या खाडीतल्या लहान होड्या जातात. निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी. जाताना भरतीची वेळ बघा, ओहोटीला नुसता चिखल दिसेल आणि काकू म्हणतील, हा कसला समुद्र.

भरतीची वेळ काढायला मोबाईल लागत नाही. घरात पंचांग असेल तर तिथीला पाऊणनं गुणा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. वद्यातही पहिल्यापासून तसंच मोजायचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी सगळ्यात वर चढतं. सप्तमी-अष्टमीला भांग, तेव्हा पाणी फार चढत नाही, उतरतही नाही. माझ्या सासूला अक्षर येत नव्हतं, पण हा हिशोब तिच्या बोटांवर होता.

एमएच१३_नेरुळात:
ताई, पंचांग आहे का विचारता? आम्ही सोलापूरचे. दाते पंचांग सोलापुरातूनच निघतं. सामानात आईनं देव्हाऱ्याच्या आधी ते भरलं होतं.

निवृत्त_स्थापत्य:
भरतीचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द लिहितो, कारण भाड्याचं घर बघणाऱ्याला याचा उपयोग आहे. नवी मुंबईचा बराचसा सखल भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहे. भर टाकून शहर उंच करणं फार महाग पडलं असतं. म्हणून सिडकोनं खाडीकडेला धारण तलाव केले. तुम्हाला कडेकडेनं जे मोठे डबके वाटतात ते तेच. नाल्यांचं पाणी आधी त्यात येतं. खाडीच्या तोंडाशी झडपा असतात. भरती चढली की खाडीच्याच दाबानं झडप मिटते, पाणी आत घुसत नाही. ओहोटीला ती उघडते आणि साठलेलं पाणी निघून जातं.

घोळ कधी होतो? झडप मिटलेली असताना वर धो धो पाऊस पडला की. तळं भरतं, त्यात वर्षानुवर्षांचा गाळ, मग पाणी रस्त्यावर. वरच्या ताईंच्या गुणाकारानं बघा: अमावास्या-पौर्णिमेचं उधाण नेहमी भर दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास येतं. त्या दोन-तीन दिवसांत दुपारी मुसळधार असेल तर गाडी तळमजल्याच्या पार्किंगमधून काढून उंचावर लावा. चेनच्या गंजाचं दुःख त्यापुढे काहीच नाही.

पिंपाबद्दल: महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, त्यामुळे इथं पाण्याची रड आसपासच्या शहरांपेक्षा कमी. मातोश्रींना एक हंडा भरू द्या, रोजच्या रोज वापरून टाकायचा. सगळंच बंद केलंत तर त्यांना झोप लागणार नाही. माझी आई गेली तोवर बादली भरूनच झोपायची.

ओल बाहेरच्या भिंतीतून आहे की वरच्या मजल्याच्या बाथरूममधून, ते आधी बघा. पाऊस दोन दिवस थांबला तरी डाग ओलाच राहिला तर वरून आहे. मग ते सोसायटीला लेखी द्या, घरमालकावर ढकलून उपयोग नाही.

एमएच१३_नेरुळात:
तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. काका, डाग वरूनच होता. सोसायटीला पत्र दिलंय. वरचे म्हणतात आमचं बाथरूम कोरडं आहे. चालू आहे.

आईचं सांगतो. पहिल्या दिवशी गावाच्या तोंडाशी नेलं तर पदर नाकाला लावून उभी. परत फिरणार तेवढ्यात एका टोपलीकडं वाकली आणि म्हणाली, "अगं, हा तर तरवटा." भाजीवाली म्हणे टाकळा. आई म्हणे तरवटा. ती म्हणे टाकळा. दहा मिनिटं हेच. शेवटी दोन जुड्या घेतल्या आणि कशी करायची यावर आणखी दहा मिनिटं. ती सुकट घालते हे ऐकून आईनं कानावर हात ठेवले, पण हलली नाही तिथून.

जेट्टीवर षष्ठीला नेलं. आईनं घरूनच हिशोब करून ठेवला होता, सहा गुणिले पाऊण साडेचार. चारला पोचलो तेव्हा पाणी कांदळवनाच्या मुळांपर्यंत होतं. पाच वाजता बघितलं तर वरच्या पायरीची कड बुडाली होती आणि होडी दोरी ताणून उभी होती. आई पायरीकडं बघत होती, मग माझ्या घड्याळाकडं, मग पुन्हा पायरीकडं. तिथं जाळं विणत बसलेल्या एका आजोबांना तिनं विचारलं, "साडेचारचं पाणी होतं ना?" ते म्हणाले, "तुम्ही कुठच्या?" ही म्हणाली, "सारसोळ्याच्या."

आता उलटंच झालंय. सोसायटीतल्या बायका तिला विचारतात, काकू, उद्या दुपारी पाणी भरणार का? ती तिथी बघून सांगते आणि वर "पाऊस पडला तर, नाही पडला तर नाही" असंही सांगते. शेजारच्या कुलपाची चावी आमच्याकडं असते सध्या.

जेट्टीवरच कुणीतरी तिला सांगितलं की हिवाळ्यात इथं रोहित पक्षी येतात, हजारांनी, गुलाबी. आई म्हणाली, आमच्या उजनीला येतात की ते. आता नोव्हेंबरची वाट बघणं चालू आहे.

भाकरी मात्र अजून मऊच पडते. डब्यात तीन दिवस टिकते, चौथ्या दिवशी वाकते. आई म्हणते पावसाळा संपेपर्यंत ज्वारीची ताजी आणि मऊच खायची, कडकचं नाव काढायचं नाही.

एक काम आहे. रविवारी एपीएमसीतून मालदांडीची गोणी आणतोय. अर्धी आम्हाला पुरे. नेरुळ-सीवूड्सच्या बाजूला कुणाला दहा-दहा किलो हवी असेल तर इथंच लिहा. निवडून द्यायचं आईनं कबूल केलंय, पण घ्यायला घरी यावं लागेल आणि चहा झाल्याशिवाय ती सोडणार नाही.

खाडीकाठची:
दहा किलो माझी. चहाला साखर कमी सांगा. आणि काकूंना विचारा, तांदळाची भाकरी शिकायची आहे का.