मदत हवी आहे: जुन्या गाडीचा फोर व्हील ड्राइव्ह लागला, पण आता सुटत नाही

माझी डिझेल गाडी 1998 सालची, मॅन्युअल गिअरची. फोर व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम, म्हणजे ट्रान्सफर केसमध्ये (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) सेंटर डिफरन्शियल नाही (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग). टू-हाय (दोनच चाकांना ताकद), फोर-हाय (चारही चाकांना), फोर-लो (चारही, पण कमी वेगाने जास्त जोर) डॅशबोर्डवरच्या नॉबने बदलतात आणि ट्रान्सफर केसवरची छोटी मोटर आतला फोर्क, म्हणजे जोड लावणारा-सोडवणारा काटा, सरकवते. पुढची चाकं ड्राइव्हपासून वेगळी करता येतील असे हब नाहीत.

परवा चिखलातून वर येण्यासाठी फोर-हाय लावला. वर आल्यावर पक्का रस्ता लागला आणि नॉब परत फिरवायचं डोक्यातून गेलं. चार-पाच किलोमीटर वळणावळणाचा कोरडा रस्ता तसाच पार केला. आठवल्यावर टू-हाय केलं, तर डॅशबोर्डवरचा फोर व्हीलचा दिवा नुसता लुकलुकतोय. तेव्हापासून फोर-हाय निघालेला नाही.

सरळ चालवताना काही जाणवत नाही. पण स्टिअरिंग पूर्ण कापून हळू वळवली की कुणी ब्रेक धरल्यासारखी अडते, क्लच सोडला की हिसके देते आणि खालून मधूनच ठक् असा आवाज येतो.

फ्यूज आणि रिले तपासले. मोटरचा प्लग काढून साफ केला. नॉब फिरवला की मोटर क्षणभर घरघरते आणि थांबते, म्हणजे करंट पोचतोय. ट्रान्सफर केसचं तेल पुरेसं आहे, त्यात चुरा नाही.

गॅरेजमध्ये मोटरच बदला म्हणाले. मला ते पटत नाहीये. ही गाडी वडिलांनी वीस वर्षं जपली, अंदाजाने भाग बदलत बसायचं नाही. दोष मोटरचा की आतच काही अडकलंय, हे न उघडता कसं ओळखायचं? आणि तोवर चालवली तर चालेल का?

प्रतिसाद

दादा, तुम्ही लिहिलंय त्यावरून मोटरपेक्षा ताण अडकल्याची शक्यता जास्त वाटते. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. सेंटर डिफरन्शियल नसल्यामुळे पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद नेणारे दोन्ही दांडे (प्रोपेलर शाफ्ट) एकाच वेगाने फिरायला बांधलेले असतात. चिखलात चाक घसरून हा फरक मिटतो, कोरड्या रस्त्यावर तो पीळ होऊन शाफ्टमध्ये साठतो. त्या दाबाखाली आतली स्लीव्ह (फोर्क सरकवतो ती जोडणारी कडी) इतकी घट्ट बसते की मोटरला ती ओढता येत नाही.

आधी नॉब टू-हायवर ठेवून, स्टिअरिंग सरळ करून दहा-पंधरा मीटर रिव्हर्स घ्या. नाही सुटलं तर सपाट जागेवर मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा आणि पुढचं एक चाक जॅकवर उचला. इग्निशन ऑन असू द्या, इंजिन बंद. चाक जमीन सोडताना झटक्यात फिरू शकतं, हात लांब ठेवा. तरीही सुटलं नाही, तर मोटर काढून आतला दांडा पान्याने फिरवून बघा. तो हलका फिरला तर दोष मोटरचा किंवा तिच्या पोझिशन सेन्सरचा (मोटर कुठे आहे ते सांगणारा), नाही तर फोर्कचा.

सुटेपर्यंत पक्क्या रस्त्यावर चालवू नका. आणि एक विचारायचं राहिलं, चारही टायर सारखे झिजलेत का?

धागाकर्ता

रिव्हर्सने काही झालं नाही. जॅकवर मात्र पुढचं डावं चाक जमीन सोडताच पाव वेढा फिरलं, खाली खणखणीत ठक् झालं, मोटर पुन्हा घरघरली आणि दिवा विझला! आता गाडी पूर्ण स्टिअरिंगवर मोकळी वळते. किती हायसं वाटलं, काय सांगू.

टायरचं तुम्ही बरोबर पकडलंत. गेल्या महिन्यात मागचे दोनच नवे घातले. आज मोजलं तर पुढच्यांपेक्षा नक्षी 5 मिलिमीटर जास्त. चाकाची त्रिज्या 35 सेंटिमीटर धरली तर ढोबळमानाने किलोमीटरमागे 14 मीटरचा फरक, म्हणजे सरळ रस्त्यावरही पीळ साठतच होता. पुढचेही नवे घालतोय, तोवर फोर-हायला हात लावणार नाही. मोटर आहे तीच राहील.